नाशिकमध्ये पहिला जॉब लागलाय? कपडे घ्यायला जायच्या आधी हे वाचा

जून-जुलै आला की आमच्याकडे नवीन पोरं-पोरी जॉइन व्हायला लागतात, आयटीआयवाली, डिप्लोमावाली, बीकॉम झालेली, कोणी पेठ-सुरगाण्याहून येऊन सिडकोत रूम करून राहिलेली, कोणी निफाड-सिन्नरहून रोज अप-डाउन करणारी. मी अंबडला एचआरमध्ये आहे, अठरा वर्षं झाली, आणि जॉइनिंगच्या दिवशी मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न पगाराचा नसतो, पीएफचा पण नसतो. "मॅडम, उद्या काय घालून येऊ?" हा असतो. तो पण बाकीचे गेल्यावर, दाराशी थांबून, हळू आवाजात.

मागच्या वर्षी एक मुलगा आला होता शॉपफ्लोअर ट्रेनी म्हणून, म्हणजे जिथे मशीन चालतात तिथे काम शिकायला. ब्लेझर, टोकदार लेदरचे शूज, टाय. आईने बचत गटातून पैसे उचलून घेऊन दिले होते. आणि त्याला पहिल्याच दिवशी आम्ही ग्रे कलरचा युनिफॉर्म आणि सेफ्टी शूज दिले, कारण त्या कामात दुसरं काही चालतच नाही. तो ब्लेझर पुन्हा कधी कव्हरमधून निघाला नसेल, पण त्याचा हप्ता त्या माउलीने भरला असणारच. मला ते फार लागलं, कारण आमच्याकडून त्याला एक फोन गेला असता तर हे टळलं असतं. तेव्हापासून मी प्रत्येक ऑफर लेटरबरोबर दोन ओळी पाठवते, पण सगळ्या कंपन्या पाठवत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी विचारा, मग खरेदी

ऑफर लेटरवर एचआरचा नंबर किंवा ईमेल असतोच. जॉइनिंगच्या आठवडाभर आधी फोन करा आणि सरळ विचारा, "नमस्कार, मी सोमवारी जॉइन होतोय, कपड्यांबद्दल थोडं विचारायचं होतं." एवढ्यावर समोरचा माणूस नीट बोलतो, यात कमीपणा काही नाही. विचारायचं काय तर युनिफॉर्म आहे का, किती जोड मिळतात आणि कधी मिळतात (माप घेतल्यावर शिवून यायला दोन-तीन आठवडे सहज जातात), तोपर्यंत काय घालायचं, शूज कंपनी देते का आपण घ्यायचे, दाढी, दागिने, घड्याळ, मोबाइल याचा काही नियम आहे का, आणि लॉकर मिळतो का. लॉकरचा प्रश्न बरेच जण विसरतात आणि मग पहिल्या दिवशी मंगळसूत्र नाहीतर सोन्याची अंगठी रुमालात बांधून खिशात ठेवून आठ तास काम करतात, जिवाला घोर नुसता.

युनिफॉर्मचे पैसे पगारातून कापतात का हेही विचारा. हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज या संरक्षणाच्या वस्तू देणं हे कंपनीचं काम आहे, त्याचे पैसे कापत असतील तर गप्प बसू नका.

फोन करायचा नसेल तर दुसरा उपाय, शिफ्ट सुटायच्या टायमाला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास जाऊन बसा. बाहेर येणारे लोक काय घालून येतात ते बघितलं की निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

घरचं ऐकायचं का रीलवाल्यांचं?

दोघांचंही थोडं थोडं. वडील सांगतात पांढरा फुलशर्ट, काळी पॅन्ट, इन केलेलं, क्लीन शेव्ह. त्यांच्या वेळी ते बरोबरच होतं. रीलमध्ये दिसतं स्नीकर्स, ओव्हरसाइज टीशर्ट, बिअर्ड. तेही कुठल्यातरी ऑफिसमध्ये बरोबरच असेल. पण गेल्या दहा-बारा वर्षांत हे नियम इतक्या वेळा मागे-पुढे झालेत की कोणाचंच डोळे झाकून ऐकून चालत नाही.

आयटीचंच बघा. इन्फोसिसने २०१५ मध्ये रोजच्या फॉर्मलची सक्ती सोडली आणि आठवडाभर बिझनेस कॅज्युअल (म्हणजे नीटनेटकं, पण टाय-कोट नाही) चालेल असं केलं. मग कोविडमध्ये सगळे घरून काम करायला लागले, वर शर्ट आणि खाली बर्मुडा घालून मीटिंगा झाल्या. आणि परत ऑफिसला बोलावलं तेव्हा २०२३ मध्ये टीसीएसने आपल्या लोकांना ड्रेस कोडची आठवण करून दिली, सोमवार ते गुरुवार बिझनेस कॅज्युअल, शुक्रवारी स्मार्ट कॅज्युअल, म्हणजे त्याहून थोडं मोकळं. म्हणजे सैल झालं, एकदम मोकळं झालं, परत थोडं आवळलं.

सरकारी ऑफिसचंही तसंच. राज्य सरकारने ८ डिसेंबर २०२० ला परिपत्रक काढलं, त्यात मंत्रालयापासून खालपर्यंत जीन्स, टीशर्ट, स्लिपर बंद, आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असं सांगितलं. जीन्सवरून बरीच चर्चा झाली आणि मार्च २०२१ मध्ये जीन्सची बंदी उठली, टीशर्ट आणि स्लिपरची राहिली. शाळेत लागणाऱ्यांनी मार्च २०२४ चा शासन निर्णय बघून घ्या, त्यात शिक्षकांना जीन्स-टीशर्ट नको, गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नको, बाईंना साडी किंवा सलवार-चुडीदार कुर्ता-दुपट्टा, सरांना शर्ट-पॅन्ट आणि शर्ट खोचलेला असं आहे. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या सरांनी २०१९ मध्ये जीन्स घालून शिकवलं असेल, म्हणून आज तुम्हाला चालेलच असं नाही.

तुमचं काम कसलं आहे ते आधी ओळखा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून इथे जरा जास्त लिहिते. नियम दोन प्रकारचे असतात. एक दिसण्यासाठीचे, त्यात थोडं इकडेतिकडे झालं तर जास्तीत जास्त कोणीतरी बोलेल. दुसरे जिवासाठीचे किंवा मालासाठीचे, त्यात तडजोड नाही म्हणजे नाही.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या शॉपफ्लोअरवर लागला असाल तर फिरणारी मशीन ही एकच गोष्ट डोक्यात ठेवा. सैल बाही, लोंबणारी ओढणी, मोकळे केस, गळ्यातली चेन, बोटातली अंगठी, हातातलं कडं, यातलं काहीही फिरत्या भागात गेलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. चालू मशीनजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट बसणारे हवेत हे १९४८ च्या कारखाने कायद्यातही लिहिलेलं होतं, एचआरने आपल्या मनाने काढलेला नियम नाही तो. आणि एक गोष्ट नवीन मुलांना माहीतच नसते, ड्रिल मशीनवर किंवा लेथवर हातमोजे घालायचे नसतात. त्यांना वाटतं मोजे म्हणजे सेफ्टी, पण मोज्याचा धागा ड्रिलला लागला की मोजा गुंडाळत जातो आणि आत हात असतो.

धाग्यावरून आठवलं. एक ट्रेनी मुलगा होता, त्याच्या मनगटाला वणीच्या गडावरचा लाल धागा, आईने बांधलेला. सुपरवायझर म्हणाला काढ, पोरगा काही बोलेना, नुसता दुसऱ्या हाताने तो धागा धरून उभा राहिला. त्या दोघांना मी बाजूला घेतलं. धागा एवढा जुना होता की रंग उडून गुलाबी झाला होता आणि गाठीला मळाचा काळा कडक गोळा झालेला. शेवटी त्यानेच विचारलं, "दंडात बांधला तर चालेल का, बाहीच्या आत?" सुपरवायझरने बाही वर करून बघितलं, घट्ट बांधलाय, बाही बटण लावून खाली येतेय, चालेल म्हणाला. दोन मिनिटांत विषय संपला. म्हणून सांगते, श्रद्धेची गोष्ट असेल तर लपवू नका आणि भांडू पण नका, बोला, बहुतेक वेळा रस्ता निघतो. फक्त इलेक्ट्रिक पॅनलचं काम असेल तर अंगावर धातू नको, कडं, चेन, अंगठी काहीच नाही, तिथे रस्ता शोधत बसू नका.

द्राक्षाच्या पॅकहाउसला, फूड किंवा फार्मा कंपनीत लागला असाल तर नियम अजून कडक. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडे सीझनला बऱ्याच मुली-बायका पॅकहाउसला जातात आणि काचेच्या बांगड्यांवरून दरवर्षी कुरकुर होते, खास करून नवीन लग्न झालेल्यांची, कारण हिरवा चुडा उतरवायला सासूबाई तयार नसतात. पण एक्स्पोर्टच्या पेटीत काचेचा एक तुकडा गेला तर अख्खा कंटेनर अडकू शकतो, आणि तिकडे कोणाच्या पोराच्या तोंडात गेला तर काय, याचा विचार करा. घरी हेच शब्द वापरून सांगा, समजतात. नेलपॉलिश नको, नखं कापलेली, केस पूर्ण टोपीच्या आत, दाढी असेल तर त्यालाही कव्हर, सेंट नको. फूडच्या कामात घड्याळ, दागिने, खोट्या पापण्या, टिकली यातलं जे जे मालात पडू शकतं ते सगळं बाहेर ठेवून आत जायचं.

बँक, पतसंस्था, एलआयसी, हॉस्पिटलचं रिसेप्शन, शोरूम अशा काउंटरच्या कामात मात्र जुनंच चालतं बऱ्यापैकी. समोर येणारा माणूस आपला पैसा नाहीतर आपला पेशंट घेऊन आलेला असतो, त्याला नीटनेटका माणूस बघून धीर येतो. इथे फिकट रंगाचा शर्ट, इन, बेल्ट, काळे किंवा ब्राउन शूज. मुलींनी कुर्ता-लेगिंग, पंजाबी ड्रेस, साडी, शर्ट-ट्राउझर, काहीही, फक्त दिवसभर खाली वाकता-उठता सावरत बसावं लागणार नाही असं.

गंगापूर धरणाकडे, दिंडोरीकडे वायनरीत हॉस्पिटॅलिटीला लागणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट, टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे पाहुण्यांना वाइन चाखायला देतात तिथे, परफ्यूम अजिबात नको. पाहुणा ग्लास नाकाशी नेऊन वास घेत असतो आणि त्यात तुमचा बॉडी स्प्रे मिसळला तर सगळा खेळ खल्लास. उग्र वासाचं तेल आणि मोगऱ्याचा गजरा पण नको तिथे.

आयटी, डिझाइन, स्टार्टअप वगैरेत सगळ्यात मोकळं आहे, टॅटू, कानातली बाळी, रंगवलेले केस याकडे कोणी बघत नाही. क्लायंट येणार असला तर आदल्या दिवशी मेल येतो, तेवढा वाचा.

आता खरेदी, पण थोडीच

पहिला पगार हातात येईपर्यंत तीन शर्ट किंवा कुर्ते आणि दोन पॅन्ट एवढंच घ्या. खरंच एवढ्यात भागतं. रंग असे निवडा की कोणताही शर्ट कोणत्याही पॅन्टवर जाईल, नेव्ही ब्लू आणि ग्रे पॅन्ट, वर पांढरा, आकाशी, फिकट रेघांचा. मेन रोड, शालिमार, नाशिकरोडला बिटकोजवळ, कुठेही मिळतं, कॉलेज रोडच्या ब्रँडेड दुकानातच घेतलं पाहिजे असं काही नाही. ब्रँड कोणी बघत नाही, फिटिंग बघतात.

फिटिंग बघायची पद्धत सांगते. ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहू नका. दोन्ही हात वर करा, शर्ट पॅन्टमधून बाहेर येतो का बघा. खाली बसा, पॅन्ट मांडीला ताणते का. बाइक चालवताना धरतो तसे हात पुढे धरा, पाठीत आवळतं का. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर आली पाहिजे, खाली उतरली तर ती टेलर पण नीट करू शकत नाही. बाकी लांबी, कंबर, बाही सगळं अल्टर होतं आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. मोठ्या भावाच्या पॅन्ट असतील तर त्याही अल्टर करून घ्या, नवीनसारख्या बसतात, कोणाला कळतही नाही. कॉटन दिसायला छान पण रोज इस्त्री लागते, रूमवर इस्त्री नसेल तर कॉटन-पॉलिस्टर मिक्स घ्या.

शूज मात्र स्वस्तातले घेऊ नका, दिवसभर पाय त्यातच असतात. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो म्हणजे खरं माप कळतं. आणि जॉइनिंगच्या आधी चार-पाच दिवस रोज तासभर घालून फिरा, नाहीतर पहिल्या दिवशी टाचेला फोड येतो आणि इंडक्शनमध्ये (कंपनीची माहिती देतात त्यात) सगळं लक्ष तिकडेच. सेफ्टी शूजचं पण असंच, कंपनी देते म्हणून मिळेल तो नंबर घेऊ नका. त्याच्या पुढच्या टोकात कडक टो-कॅप असते, २०० ज्यूलचा मार झेलेल अशी टेस्ट केलेली, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी बोटं वाचावीत अशी. ती कॅप वाकत नाही, त्यामुळे बोटं आत दाबली जात असतील तर नंतर सैल होतील या आशेवर राहू नका, तिथेच बदलून मागा. जाड कॉटनचे सॉक्स, दोन जोड तरी.

अंगाची स्वच्छता

हे बोलायला लोक लाजतात, मी स्पष्ट बोलते. मला आतापर्यंत जेवढ्या तोंडी तक्रारी आल्या त्यात कपडे जुने आहेत ही एकही नव्हती. वास येतो ही होती. आणि ज्याला येतो त्याला स्वतःला कळत नाही, आजूबाजूचे नाक दाबून बसतात आणि एक दिवस कोणीतरी सगळ्यांसमोर बोलतं, मग तो पोरगा आठवडाभर मान खाली घालून फिरतो. आंघोळ, रोज धुतलेलं बनियन, रोज धुतलेले सॉक्स, एवढं केलं की नव्वद टक्के काम होतं. शर्ट दोनदा घातला तर चालेल, बनियन आणि सॉक्स नाही. बॉडी स्प्रे घामावर मारू नका, कोरड्या अंगावर मारा. जेवणात कच्चा कांदा असेल तर चूळ भरा, खिशात बडीशेप ठेवा.

दाढी ठेवायची तर ठेवा, आता बहुतेक ठिकाणी चालते, पण गळ्यावरची रेघ साफ आणि गालावरची एका उंचीची. अर्धवट चार दिवसांची वाढलेली दाढी आजारी माणसासारखी दिसते. जिथे धूळ, पेंट किंवा केमिकलसाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो तिथे मात्र दाढी काढावीच लागते, केसांमुळे मास्क चेहऱ्याला चिकटत नाही आणि बाजूने वाफ आत जाते. केस मोठे असतील तर बांधा, मुलांनी पण. ग्रीस लागलेल्या हातांना मऊ ब्रश आणि साबण, नखांच्या कडा रात्री खोबरेल लावून पुसा. पेट्रोलने हात धुऊ नका, कातडी फाटते.

नाशिकचं हवामान

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला जातो, बाइकवर नाहीतर भरलेल्या सिटीलिंक बसमधून अंबडला पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. बॅगमध्ये एक घडी घातलेला शर्ट आणि छोटा टॉवेल ठेवा, पोचल्यावर तोंड-मान धुवा, शर्ट बदला, दहा मिनिटं लवकर निघायचं बस. पावसाळ्यात जर्किन आणि पावसाळी पॅन्ट दोन्ही लागतात, नुसत्या जर्किनने गुडघ्याखाली चिंब होतं. येता-जाता रबरी सँडल घाला आणि शूज पिशवीत न्या, ओले शूज आठ तास पायात राहिले की बोटांमध्ये चिखल्या होतात. हिवाळ्यात पहिल्या शिफ्टला निघताना निफाड-पिंपळगावकडून येणाऱ्यांची काय हालत होते मला माहितीये, आतून थर्मल घाला, वरून स्वेटर-मफलर घाला, पण मफलर गेटवरच काढून बॅगेत टाका, मशीनपाशी नेऊ नका.

पहिला आठवडा, आणि कोणी काही बोललं तर

आठवडाभर फक्त बघा. तुमच्याच पोस्टवर दोन-तीन वर्षं झालेला माणूस काय घालतो ते बघा, मॅनेजरची कॉपी करू नका आणि सगळ्यात ढिसाळ माणसाची पण नको. शनिवारी किंवा शुक्रवारी कॅज्युअल असतं का, सणाला पारंपरिक कपडे घालतात का हे त्यातच कळतं. नवरात्रात रोजच्या रंगाचा सगळीकडे उत्साह असतो, पण त्यासाठी नऊ नवीन ड्रेस घ्यायची गरज नाही, एखादी ओढणी नाहीतर रुमाल पुरतो, आणि नसला रंग तरी कोणी काही म्हणत नाही.

कोणी सांगितलं की अमुक घालू नका, तर आधी कारण विचारा, शांतपणे. कारण सेफ्टीचं असेल तर तिथेच ऐका. लेखी नियम असेल तर वाचायला मागा. पण कपड्यांवरून कोणी घाणेरडं बोलत असेल, अंगाकडे बघून कमेंट मारत असेल, तर तो ड्रेस कोडचा विषय राहत नाही, तो लैंगिक छळाचा विषय आहे. मुलींनो, २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा त्यापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, समितीतल्या लोकांची नावं नोटीस बोर्डवर असतात, पहिल्याच दिवशी त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा (मोबाइल आत न्यायला बंदी असेल तर डायरीत लिहून घ्या). तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. कोणी म्हणालं तूच असे कपडे घातले होतेस, तर ते ऐकून माघार घेऊ नका.

आणि कोणी जात, गाव, घरची परिस्थिती यावरून तुमच्या कपड्यांवर हसत असेल तर मला म्हणजे तुमच्या एचआरला येऊन सांगा. आम्ही त्यासाठीच बसलोय. एखादा एचआर ऐकत नसेल तर सुपरवायझरला, युनियन असेल तर युनियनला सांगा.

युनिफॉर्म मिळाला की तो वेगळा धुवा, ऑइलचे डाग असतील तर धुण्याआधी भांडी घासायचं लिक्विड चोळून अर्धा तास ठेवा, गरम पाण्यात टाकायच्या आधी आयडी कार्ड आणि पेन खिशातून काढा. दोन जोड असतील तर एक कायम धुतलेला आणि इस्त्री केलेला खुंटीला असू द्या, रविवारी रात्री लाइट गेली तरी सोमवारी सकाळी सातच्या शिफ्टला अडत नाही.